तारकर्लीला विमानाने की रेल्वेने? वाचकांच्या प्रकृतीविषयक प्रश्नांची उत्तरे

दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास मालवण, तारकर्ली, देवबाग येथे जाणाऱ्या वाचकांची पत्रे येऊ लागतात आणि विमानाने जावे की रेल्वेने वा गाडीने, हा एकच प्रश्न त्यांत निरनिराळ्या शब्दांत विचारलेला असतो. भाडे आणि वेळ यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. मी येथे डॉक्टर या नात्याने केवळ प्रकृतीपुरते लिहीत आहे.

प्रश्न : पाच महिन्यांच्या बाळाचे कान विमानात दुखतील का?

विमान उतरू लागले की बाळाला दूध पाजावे. सर्दी किंवा कानाचा संसर्ग असल्यास तिकीट काढण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी वडिलांना स्टेंट बसवला आहे. गाडीचे धक्के टाळण्यासाठी त्यांना विमानाने नेऊ का?

त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी परवानगी देईपर्यंत विमानही नको आणि गाडीही नको.

प्रश्न : विमानात पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात असे ऐकले, म्हणून आम्ही पुण्याहून गाडीनेच जाणार आहोत. माझे वय 62 असून पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत. हे योग्य ना?

ऐकीव माहितीवर घेतलेला हा निर्णय आपल्याला सुरक्षित ठेवणार नाही. गुठळीचे मुख्य कारण तासन्‌तास पाय न हलवता बसणे हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो, मग ते वाहन विमान असो, बस असो, रेल्वे असो वा मोटार. पुण्याहून तारकर्लीपर्यंत गाडीत आठ-नऊ तास जातात, म्हणून दर दीड-दोन तासांनी उतरून चालावे. दाब देणारे मोजे वापरायचे असतील, तर मापाविना दुकानातून उचलू नयेत, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावेत. पूर्वी कधी गुठळी झाली असेल, तर प्रवासाआधी प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा डायव्हिंग आणि संध्याकाळी गोव्यातील मोपा विमानतळावरून मुंबईचे विमान, असे पॅकेज आम्ही घेतले आहे. आयोजक म्हणतात, पाणी उथळ आहे आणि विमान तासाभराचे, काही होत नाही. खरे आहे का?

नाही, आणि असे पॅकेज विकले जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याखाली दहा मीटरवर शरीरावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत अधिक प्रमाणात विरघळतो. वर आल्यानंतर तो फुप्फुसांवाटे हळूहळू, काही तास घेऊन, बाहेर पडतो. विमानातील हवेचा दाब मात्र 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका कमी ठेवलेला असतो; अशा वेळी शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, जसे सोड्याच्या बाटलीचे झाकण काढताच होतात. ते सांध्यांत अडकले तर वेदना होतात, मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे पडू शकतात. हा दाब उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत उतरतो, त्यामुळे ‘तासाभराचे विमान’ या युक्तिवादात काही अर्थ नाही. उथळ, थोडा वेळ घेतलेल्या बुडीनंतर धोका कमी असतो हे खरे. तरीही डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो. भरपूर पाणी प्यायल्याने ही मुदत घटत नाही. डायव्हिंग पहिल्या दिवशी करा किंवा परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे काढा. आयोजकाने बुडीआधी दमा, फिट्स, कानाचे आजार आणि हृदयविकार यांची लेखी विचारपूस केली नाही, तर पाण्यातच उतरू नका. यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या.

प्रश्न : मग विमानाऐवजी त्याच दुपारी आंबोलीमार्गे गाडीने कोल्हापूरला निघालो तर चालेल का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून त्याचे मला समाधान वाटले. वरील सूचना साधारण 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू होतात आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. तेव्हा घाट चढण्यापूर्वीही तेवढेच थांबणे उत्तम. मुंबईकरांना मात्र कुडाळहून कोकण रेल्वेने त्याच संध्याकाळी निघता येईल, कारण तो मार्ग सह्याद्री न ओलांडता पनवेलपर्यंत खालूनच जातो. वाटेत काही त्रास जाणवला, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

प्रश्न : केवळ स्नॉर्केलिंग केले तर?

पृष्ठभागावरच राहिलात, तर विमानाला हरकत नाही.

प्रश्न : माझ्या भावाने मालवणला डायव्हिंग केले. तेव्हापासून खांदा दुखतो, बोटांना मुंग्या येतात. चार दिवस वेदनाशामक गोळ्या चालू आहेत. विमानाने मुंबईला आणून दाखवू का?

ही लक्षणे वर सांगितलेल्या बुडबुड्यांची असू शकतात, चार दिवस थांबायला नको होते. विमान पूर्णपणे वर्ज्य करा. त्यांना आजच ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्या आणि डायव्हिंग केल्याचे, त्याच्या तारखेसह, डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कारण ते कळले नाही तर हे दुखणे साधा स्नायूंचा ताण समजून सोडून दिले जाण्याची शक्यता असते. शुद्ध प्राणवायू आणि गरजेनुसार दाबकक्षातील (हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीतील) उपचार जितक्या लवकर मिळतील, तितका बरे होण्याचा संभव अधिक. पुढे कोठे आणि कोणत्या मार्गाने न्यायचे, हे तेथील डॉक्टरांनी दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाशी बोलून ठरवावे. हे उत्तर पत्र आले त्याच दिवशी त्यांना कळवले आहे.