मुंबईत एकच दिवस आहे, एनजीएमए बघावं का?

ताई, तुम्ही विचारलंय की कुडाळहून कोकणकन्येने जाताय, हातात एक दिवस, मुलगा दहावीत आणि चित्रं काढतो, सोबत सासूबाई, तर एनजीएमए (म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, आधुनिक चित्रं-शिल्पांचं सरकारी दालन) बघावं की ते मॉडर्न आर्ट सगळं डोक्यावरून जाईल.

जाच. फक्त सोमवारी नको, बंद असतं. आणि निघायच्या आधी तिथे सध्या काय लागलंय ते चेक करा, प्रदर्शनं बदलत राहतात, मधल्या काळात गेलात तर निम्मे मजले बंद मिळतील.

आत शिरल्या शिरल्या चित्रांकडे पळू नका, आधी इमारत बघा. हा मुळात सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ चा, इथे सभा व्हायच्या, मैफली व्हायच्या, आणि डिझाइन जॉर्ज विटेटचं, म्हणजे ज्याने गेटवे आणि समोरचं मोठं म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) केलं तोच. बाहेरून जुना दगडी हॉल पण आत पाऊल टाकलं की वेगळीच दुनिया, १९९६ ला गॅलरी सुरू झाली त्याआधी आतून सगळं बदललं, अर्धगोल मजले एकावर एक आणि टोकाला घुमट. जिना चढताना थांबून खाली बघा, मघाशी अंगावर आलेलं काम वरून भलतंच दिसतं. पायऱ्या मात्र भरपूर आहेत, सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना खालीच आरामात बघू दे.

कळेल का याचं टेन्शन घेऊ नका हो. कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) बघताना आपण गोष्ट शोधतो कारण तिथे गोष्ट असतेच, इथे तीच शोधत बसलात तर वैताग येणार. मुलाला सांगा, पाटी नंतर वाच, आधी जवळ जा, रंग ब्रशने लावलाय की नाइफने (रंग पसरायच्या पात्याने), कुठे खरवडलाय ते बघ, मग मागे येऊन परत बघ. अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि नाइफ वापरायचे, त्यांचं एखादं लागलेलं असेल तर नशीबच (आणि माणूस गोव्याकडच्या घरातला, म्हणजे आपलाच!).

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम त्याच दिवशी कोंबू नका, ते वेगळं प्रकरण आहे, १८७२ च्या इमारतीत जुन्या वस्तूंच्या मधेच आजच्या आर्टिस्टची कामं ठेवतात, त्याला निवांत वेळ पाहिजे. ते बुधवारी बंद.

त्यापेक्षा बाहेर पडून चालत जहांगीर आर्ट गॅलरीत जा, फुकट आहे, आणि बरेचदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशी बसलेले असतात. मुलाला वही घेऊन जायला सांगा, बिनधास्त दाखव म्हणावं, बहुतेक जण नीट बघतात.