पाचारण एकाला, सामान दोघांचं

घरातल्या एकाला वरून बोलावणं येतं आणि दुसरं माणूस माझ्याकडे समुपदेशनाला येतं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात धम्मसेवेत कायमचं राहायचं म्हणणारे गृहस्थ असोत, नोकरी सोडून नर्मदा परिक्रमेला निघालेल्या बाई असोत, नाहीतर मिशनरी होऊन परदेशी जाणारं जोडपं. घरी राहिलेल्याचा प्रश्न ठरलेला: "मी आडवी आले तर पाप लागेल का?"

हे सर आणि बाई नाशिकच्या शरणपूर भागातले. सर गणिताचे, बाई मराठीच्या, दोघंही अनुदानित शाळेत कायम. केनियातल्या मिशनच्या शाळेत शिकवायला जायचं ठरलं होतं. आले होते मात्र बाईंना झोप लागत नाही म्हणून.

सर भरभरून बोलायचे. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकेकाळी याच शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी लिव्हिंगस्टन तिथेच वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. "मॅडम, हा रस्ता आपल्याच गावातून गेलाय!" बाईंचं उत्तर दरवेळी एकच. "प्रभूची इच्छा."

चर्चच्या पाळकसाहेबांच्या शिफारशीसाठी दोघांनी आपापल्या पाचारणाची, म्हणजे देवाच्या बोलावण्याची, साक्ष लिहून द्यायची होती. फाईल बाईंच्या मांडीवर होती. मी म्हटलं, तुमची वाचून दाखवा. दोन्ही कागदांवर अक्षर एकच, सरांचं. बाई वाचत गेल्या आणि एका ओळीवर अडल्या. 'मी तयार झालो' असं लिहून नंतर त्याचं 'झाले' केलेलं होतं. मराठीच्या बाई त्या, खाडाखोड सुटणार कशी?

"हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, तूच म्हणालीस ना, तुम्हीच लिहा?"

"म्हणाले. पाचारण तुम्हाला आलं. मला फक्त कळवण्यात आलं."

सर गप्प झाले. मीही मुद्दाम गप्प राहिले. अशा वेळी तोंड मिटून बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि तेवढं मला जमतं. बाईंना भीती आफ्रिकेची नव्हती, आईला मागे ठेवण्याचीही फारशी नव्हती. नवऱ्याला नाही म्हटलं की देवाला नाही म्हटल्यासारखं होईल, ही भीती होती. मी विचारलं, "देवाला तुमच्याशी थेट बोलता येत नाही का?" बाई हसल्या, मग रडल्या.

समुपदेशनात मी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या वळणाची. ते स्वतः धर्मोपदेशक व्हायला निघाले होते आणि धर्मशिक्षण अर्धवट सोडून मानसशास्त्राकडे वळले. माणसाचा निर्णय त्याच्या आतूनच यावा लागतो, यावर माझा विश्वास आहे. पण बाईंना पटलं ते आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांमुळे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. नवऱ्याच्या श्रद्धेत त्या स्वतःच्या पायांनी गेल्या, आणि वेळ घेऊन.

तुमच्या घरी हा पेच असेल तर आधी दोघांनी वेगवेगळं बसून लिहा: मला का जायचंय, का नाही. एकमेकांचे कागद आठवडाभर बघू नका. देवाची भाषा आणि घरखर्चाची भाषा एकाच बैठकीत आणू नका. प्रार्थनेनंतर लगेच पीएफचा हिशेब काढला तर दोन्हींचा विचका होतो. राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मिळते का, विचारा. मिशन संस्था पगार देते की वर्गणी आपणच उभी करायची, हे लेखी घ्या. अनेक ठिकाणी आपणच उभी करायची असते. म्हाताऱ्या आईवडिलांचं आजारपण कोण बघणार, हे भावंडांशी बोलून ठरवा, गृहीत धरू नका. मुलं असतील तर त्यांच्या दहावी-बारावीचं वर्ष बघा. आणि परतीची वाट ठरवून ठेवा. परत येण्याची सोय करणं म्हणजे अश्रद्धा, असं कुणी म्हणालं तर त्याला भाड्याचे पैसे मागा.

ज्याला बोलावणं आलं त्यालाही सांगते, साथीदार 'हो' लवकर म्हणाला तर जरा घाबरा.

बाईंनी साक्ष पुन्हा लिहिली, चार ओळींची. मला शिकवायला आवडतं, नवऱ्याबरोबर जायला तयार आहे, पाचारणाचं अजून कळलेलं नाही. सरांना वाटलं, शिफारस अडणार. पाळकसाहेबांनी ती तशीच पुढे पाठवली. जाणं एका शैक्षणिक वर्षाने लांबलं, ते बाईंच्या आईच्या मोतीबिंदूमुळे.