तीन कोटींची ठेव उणे कशी झाली?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची व्याज काढणारी ‘सी’ भाषेतली जुनी लायब्ररी मी पायथनमधून सीटाइप्स (सीची फंक्शन्स चालवणारं पायथनचं मॉड्यूल) वापरून चालवतो. रक्कम पैशांत जाते, सी आणि पायथन दोन्हीकडे टाइप ‘लाँग’ (पूर्णांकाचा एक प्रकार) आहे. लिनक्स सर्व्हरवर हिशोब पै न् पै जुळतो. ऑफिसातल्या विंडोज संगणकावर मात्र ३ कोटींची एकूण ठेव उणे १,२९,४९,६७२.९६ रुपये दिसते. एरर काहीच नाही. शिवाय व्याजदर देणारं फंक्शन दोन्ही यंत्रांवर भलताच पूर्णांक देतं.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आकडा पैशांपर्यंत कळवलात हे फार बरं केलंत, कारण दुखणं त्यातच सापडतं. ३ कोटी रुपये म्हणजे ३,००,००,००,००० पैसे. ३२ बिटांच्या, उणे-अधिक दोन्ही धरणाऱ्या पूर्णांकात फार तर २,१४,७४,८३,६४७ मावतात. रुपयांत सव्वादोन कोटीही नाहीत. वरचे बिट गळाले की तुमच्या रकमेतून ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात, वजा होतो. करून पाहा, तुमचाच आकडा येईल.

६४ बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ ८ बाइटचा असतो, विंडोजवर ४ बाइटचाच. सीटाइप्सचा ‘सी_लाँग’ त्या त्या यंत्रावरच्या सीप्रमाणेच वागतो, म्हणून टाइप जुळले तरी जागा अपुरी पडली. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो. पण तो सीकडे देताना मावतो की नाही, हे सीटाइप्स तपासतच नाही. पैशांच्या कामात मला हे अजिबात पटत नाही. तेव्हा सीमध्ये ‘इंट६४_टी’, पायथनमध्ये ‘सी_इंट६४’ लिहा (दोन्ही सगळीकडे ६४ बिटांचेच), लायब्ररी दोन्ही यंत्रांवर नव्याने कंपाइल करा आणि रक्कम पाठवण्याआधी मर्यादा स्वतः तपासा. सीटाइप्सऐवजी सीएफएफआय हे त्याच कामाचं दुसरं साधन वापरलंत तर न मावणाऱ्या आकड्याला ते स्वतःच ओव्हरफ्लो एरर देतं.

व्याजदराचं कारण वेगळं आहे. ‘रेसटाइप’ (फंक्शनच्या उत्तराचा टाइप) सांगितला नाही, तर उत्तर ‘इंट’, म्हणजे साधा पूर्णांक, आहे असं सीटाइप्स धरून चालतं. तुमचं फंक्शन ‘डबल’, म्हणजे दशांशचिन्हाची संख्या, देतं. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर डबल एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) येतो आणि इंट वाचला जातो दुसऱ्यातून, म्हणून तिथे आधी पडलेलं काहीही हाती लागतं. ‘रेसटाइप’ला ‘सी_डबल’ द्या, ‘आर्गटाइप्स’ही (फंक्शनला पाठवायच्या मूल्यांचे टाइप) प्रत्येक फंक्शनला लिहा. रक्कम मात्र पैशांत पूर्णांकच ठेवा, ते तुम्ही योग्यच केलं आहे.

विंडोजवर काढलेले जुने अहवाल मूळ नोंदींवरून पुन्हा काढा. नुसते उणे आकडे शोधून भागणार नाही. साडेचार कोटींची ठेव या घोळात २०,५०,३२७.०४ रुपये अशी दिसेल. तिला उणे चिन्ह नाही, ती कुणाला खटकणारही नाही.