पगार साडेवीस हजारावरून साडेबावीस झाला तर घरातलं काय काय बंद होईल? (जळगाव एमआयडीसी)

भाऊ, टॅक्सचं टेन्शन सोडा, नव्या पद्धतीत चार लाखापर्यंत टॅक्स लागतच नाही. खरी गोष्ट वेगळीच आहे, वर्षाचे २ लाख ४६ हजार होते ते आता २ लाख ७० हजार होतील आणि लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाखाची, म्हणजे वहिनींचे महिन्याचे दीड हजार जातील, २४ हजार वाढले त्यातले १८ हजार तिथंच गेले. शिवाय ईएसआयची (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची) मर्यादा महिना २१ हजार पगाराची, पण वाढ जूनमध्ये झाली असेल तर कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहते आणि कार्डावरचे उपचार त्यानंतरही पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत मिळू शकतात, तेवढ्यात आईवडिलांचा मेडिक्लेम काढून घ्याच. वाढ मात्र सोडू नका, मूळ पगार वाढला तर पीएफ पण वाढू शकतो.