दारूचा थेंब नाही, मग लिव्हरला व्रण कसे?

"मॅडम, आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही हो, मग माझं लिव्हर कसं खराब झालं?" डायबेटिसवाल्यांचं समुपदेशन करताना हे सारखं ऐकू येतं, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा लाजच जास्त असते, खूप वाईट वाटतं ते बघून.

एका काकूंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय ५४, बरीच वर्षं शुगर, बीपीची गोळी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, वजन ७४ किलो. सोनोग्राफीत 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलं आणि घरच्यांनी धरून चाललं की दुसरी स्टेज, म्हणजे आता सिरॉसिसच. तसं नसतं हो. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसतेय तेवढंच. व्रणांच्या, म्हणजे लिव्हर आतून कडक होत जाण्याच्या, स्टेज वेगळ्या, एफ० (व्रण नाहीत) ते एफ४, आणि सिरॉसिस म्हणजे एफ४.

काकूंच्या मुलाचं म्हणणं उलटंच, आईचं एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आहे ना मग कशाला टेन्शन. हे मला जास्त धोक्याचं वाटतं. मग त्यांच्याच रिपोर्टच्या मागे पेनाने फिब-फोरचं, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण असण्याचा अंदाज देणारं, गणित मांडून दाखवलं. वय ५४ गुणिले एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) ३८, ते भागायचं प्लेटलेट १७० (हजारात) गुणिले एसजीपीटी ३६ चं वर्गमूळ ६ ने. उत्तर २.०१. या गणितातला रिपोर्टचा एकही आकडा रेंजच्या बाहेर नव्हता बरं का! १.३ च्या खाली काळजी कमी, २.६७ च्या वर जास्त, काकू मधे. म्हणून डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करायला लावला, ९.१ किलोपास्कल आलं. ८ च्या आत असतं तर हायसं वाटलं असतं, १२ च्या वर नाही हेही चांगलंच, पण लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवणं आलंच.

आता शुगरचा संबंध काय, तर शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की चरबीतून फॅटी ॲसिड सुटून लिव्हरकडे येत राहतात, त्यात लिव्हर स्वतःही जास्तीच्या साखरेची चरबी बनवतं, मग पेशींना सूज येते आणि ती वर्षानुवर्षं राहिली की तिथे कोलॅजन (धाग्यांसारखं प्रथिन) साठत जातं, जखम भरल्यावर कातडीवर राहतो तसा कडक व्रण. शुगर, पोटाचा घेर, बीपी, ट्रायग्लिसराइड जितके एकत्र तितका धोका जास्त, आणि त्यात शुगरचा वाटा मोठा. दारू लागतच नाही याला.

काकूंना लिव्हर टॉनिक हवं होतं. मी म्हटलं ते राहू द्या, आधी दिवसाचे चार चहा आणि त्यातली दोन-दोन चमचे साखर बघू, उपासाची साबुदाणा खिचडी बघू, जेवल्यावर चालणं बघू. वजन ७ ते १० टक्के उतरलं, म्हणजे त्यांचं पाच ते सात किलो, तर सूज कमी होते आणि १० टक्क्यांच्या पुढे बऱ्याच जणांचे व्रणही मागे हटतात, फक्त एफ४ च्या आधी हे जास्त सोपं. शुगरच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायच्या नाहीत.

जाताना मुलाच्या कमरेला टेप लावली, ९८ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९० च्या पुढे सावध व्हायचं असतं, त्यालाही शुगर आणि लिपिड तपासायला सांगितलंय.