भिंतीशी बोलणाऱ्या मुलास

खानापूर
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज बुधवारी रात्री एक वीसला आलेला. सकाळी गॅसवर दूध ठेवून वाचायला घेतला आणि दूध उतू गेलं. प्रार्थना करताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय, चर्चच्या तरुण संघात सगळे साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगतात, आणि तुझ्याकडं सांगायला काही नाही, म्हणून आता येणार नाही म्हणतोस. शिवाय कन्नडचा पेपर. शिवाय वर्गात कुणीतरी विचारलं तेव्हा "चर्चला आई जाते, मी नाही" असं बोलून गेलास, तेही लिहिलंस. फोनवर उत्तर टाईप करायला बसले तर बोटं चालेनात. म्हणून हा कागद.

आधी साक्षीचं सांगते, कारण त्यात माझीच एक लबाडी आहे. नववीत असताना सुट्टीतल्या शिबिरात माझी पाळी आली. सगळ्यांकडं काही ना काही होतं, माझी पाटी कोरी. मग उठले आणि ठोकून दिलं, की आई तापानं फणफणली होती, मी रात्रभर गुडघ्यावर होते, पहाटे ताप उतरला. सगळे "आमेन" म्हणाले. रात्रभर मी घोरत होते, हे फक्त मला ठाऊक. संध्याकाळी पाळकबाईंनी मला भांडी विसळायला बोलावलं. स्वतः राखेनं पातेलं घासत विचारलं, "ताप किती दिवस होता गं?" चार, म्हटलं. "मग पाचव्या दिवशी काय झालं?" कंपाउंडर आला, इंजेक्शन दिलं. "कसा आला?" सायकलवरनं, आषाढातल्या पावसात, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं लाल. बाईंनी पातेलं उपडं घातलं आणि म्हणाल्या, "एवढं चांगलं होतं की सांगायला!" रागावल्या नाहीत. त्या चिखलाच्या पँटसाठी मी देवाचे आभार मानायला खूप उशिरा शिकले.

तर संघात तुझ्याकडं काही नसेल, तर "या आठवड्यात काही नाही" म्हण आणि खाली बस. कुणी हसलं तर मी आहे.

आता ती भिंत. तू प्रार्थना करतोस ती मी ऐकलीय. "हे दयाळू व कनवाळू स्वर्गीय पित्या" इथून सुरू होते आणि शेवटपर्यंत आपल्या पाळकांच्या आवाजात चालते. त्यात तू कुठं आहेस? बायबलमधलं तेरावं स्तोत्र काढ. पहिल्या दोन वचनांत "किती काळ" हा एकच सवाल चार वेळा येतो. तक्रारच आहे ती, सरळ. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी ना आभार ना स्तुती. ज्यांनी ही स्तोत्रं जपून ठेवली त्यांनी हे भाग गाळले नाहीत. तेव्हा आज रात्री "देवा, भिंतीशी बोलतोय असं वाटतंय" एवढंच म्हण. कन्नडची भीती वाटते, तर कन्नडची म्हण. दोन मिनिटं खरं बोल आणि ऊठ.

प्रश्न पडले म्हणजे विश्वास गेला, असंही समजू नकोस. पंडिता रमाबाई आपल्या कर्नाटकातल्याच, 1858 मध्ये गंगामूळच्या रानात जन्मलेल्या. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि ज्या ख्रिस्ती जोगिणींनी (नन) आधार दिला त्यांच्याशीच धर्माच्या शिकवणीवरून पत्रांतून वाद घातला. पटेपर्यंत मान डोलावली नाही. पुढं त्याच बाईंनी साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी वर्षानुवर्षं खर्च केली. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम सोडलं नाही. 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. पुस्तक छापून आलं 1924 मध्ये.

"आई जाते, मी नाही" हे वाक्य तुला टोचतंय, ते बरंच आहे. येशूचा शिष्य पेत्र आठवतो ना, येशूला धरून नेलं त्या रात्री वाड्याच्या अंगणात? लोक त्याला कशावरून ओळखतात बघ: तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय, म्हणतात. गालीलचा हेल! हे आपल्याइतकं कुणाला कळणार? कोल्हापूरला गेलो की आपल्या मराठीला "कानडी हेल आहे" म्हणून हसतात, आणि धारवाडला गेलो की आपल्या कन्नडला मराठी वास येतो म्हणतात. पेत्र त्या रात्री घाबरला आणि येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला. शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगतो की तिथं कोळशाचा विस्तव पेटलेला होता, थंडी होती. तोच योहान पुढं समुद्राच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव दाखवतो, त्यावर मासळी ठेवलेली, भाकर ठेवलेली. येशू म्हणतो, या, न्याहारी करा. आधी जेवण. चौकशी नंतर, आणि तीही "प्रीती करतोस का" एवढीच.

वर्गातल्या पोरांना तू काहीही सिद्ध करून दाखवायचं नाहीस. "किती तांदूळ मिळाले रे" हा टोमणा, म्हणजे तांदळासाठी धर्म बदलला असा, माझ्या वडिलांनीही ऐकला. बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 मध्ये सुरू झालं, म्हणजे या मातीत आपली मंडळी दोनशे वर्षांची. हे माहीत असावं, पण ते दर वेळी तोंडावर मारायची गरज नाही. पुन्हा कुणी विचारलं तर "होय, रविवारी जातो" इतकं पुरे. कुणी पूजेचा प्रसाद दिला तर खायचा का म्हणशील, तर ते घरात आईवडिलांशी बोलून ठरव. आमच्यातच त्यावर दोन मतं आहेत. नको असेल तर हात जोडून नको म्हण, भाषण देऊ नकोस. दिवाळीत शेजारच्या अक्कांकडून तुमच्याकडं डबा येतो आणि नाताळात तोच डबा करंज्या भरून परत जातो. त्या डब्यानं गल्लीत जे काम केलंय ते तुझ्या-माझ्या वादानं होणार नाही. मात्र टोमणे सोडून धक्काबुक्की, फोटो काढून फिरवणं, असलं काही होत असेल तर तिथं सहन करण्यात काही पुण्य नाही. हेडमास्तरांना सांगायचं, मी सोबत येते.

कन्नड. तिमाहीत बावीस पडले म्हणून तू स्वतःला 'ढ' ठरवलंस. दहावीची परीक्षा वर्षात एकदाच होत नाही, हे आधी डोक्यात घाल. पहिल्याला निसटलं तर दुसरी आहे. आणि एक युक्ती. जे तुला मराठीत तोंडपाठ आहे ते कन्नडमध्ये वाच. तेविसावं स्तोत्र: "येहोवनु ननगे कुरुबनु." कुरुब म्हणजे आपले धनगर. सुगीनंतर कुणाच्या तरी शेतात त्यांची मेंढरं बसलेली असतात, काठीला टेकून तो घोंगडीवाला उभा असतो, तो. मी मराठीत "मेंढपाळ" हजारदा म्हटलं असेल, पण तो माणूस डोळ्यासमोर उभा राहिला तो कन्नडमुळं. पुढचा शब्द "कोरतेपडेनु". कोरते म्हणजे उणीव, तूट. रोज तीन ओळी, मोठ्यानं. भाषेवरून मोठ्यांनी घातलेले वाद मोठ्यांकडंच राहू देत, तू दोन्ही घे.

फोनबद्दल फार लिहीत नाही, तुला सगळं माहीत आहे. एक वीसला मेसेज करणाऱ्या पोराला सकाळी देव कसा सापडेल, झोपच सापडत नाही! बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून "पुरे झालं, मला मरण दे" म्हणाला तेव्हा देवदूतानं त्याला भाकर दिली, पाणी दिलं आणि परत झोपू दिलं. मग उठवून पुन्हा खायला दिलं. फोन रात्री दहाला आईच्या उशाशी.

आणि हे हळूच विचारते. एलीयासारखं तुझ्याही मनात येतं का कधी? येत असेल तर मला सांग, रात्री एकला सांगितलंस तरी चालेल. मला सांगवत नसेल तर 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा, फुकट नंबर आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलतात. त्यात लाज नाही आणि विश्वासाची कमतरताही नाही. तापाला कंपाउंडर लागतोच.

शनिवारी संघाला नाही आलास तरी साडेचारला माझ्या घरी ये. कन्नड बायबल घेऊन ये, माझ्याकडच्याचे अक्षर फार बारीक आहे. तू वाच, मी ऐकते, मग मी वाचते. माझा 'ळ' अजून चुकतो. हसायचं नाहीस.

तुझ्या
बाई