स्क्रू फिरतोय, व्होल्टेज हलत नाही!

प्रश्न (बार्शी): सर, ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ५ व्होल्टचा जीपीएस चालवायला व्होल्टेज कमी करणाऱ्या एलएम२५९६ चिपचं, निळ्या पॉटवालं (पॉट म्हणजे स्क्रूने बदलणारा रेझिस्टर) मॉड्यूल आणलंय. स्क्रू फिरवून बोटं दुखली तरी मीटरवर साडेअकराच. पीस खराब आहे का? दुकानदार म्हणतो फुल प्रोटेक्शन आहे, मग फ्यूज लागेल का?

उत्तर: पीस बहुतेक चांगलाय, अजून उलटं फिरवत राहा. या मॉड्यूलवर साधारणपणे १० किलोओहमचा पॉट आणि ३३० ओहमचा रेझिस्टर असतो, चिप फीडबॅकला, म्हणजे आउटपुट तपासायच्या पिनला, १.२३ व्होल्ट धरून ठेवते, त्या हिशोबाने पॉट पूर्ण वर असला तर मॉड्यूल ३८ व्होल्ट द्यायला बघतं, पण हे बक आहे, म्हणजे व्होल्टेज फक्त कमी करणारं, इनपुटपेक्षा जास्त कुठून देणार, म्हणून साडेअकरावर अडकून बसतं. पॉट २५ फेऱ्यांचा, फेऱ्याला साधारण दीड व्होल्ट, म्हणजे वरचे सतरा-अठरा फेरे तुमच्या बॅटरीवर फुकटच जातात, आणि लोक दहाव्या फेऱ्यालाच कंटाळून मॉड्यूल परत करतात. एकदा आकडा हलायला लागला की मात्र पाव-पाव फेराच द्या. जीपीएस तोवर काढूनच ठेवा. ५.० आले की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, ट्रॅक्टरच्या हादऱ्याने पॉट सरकतो.

आता फुल प्रोटेक्शन. चिपमध्ये करंट लिमिट आहे, तापली तर बंद व्हायची सोय आहे, पण दोन्ही चिपने स्वतःला वाचवायला ठेवलंय, तुमच्या जीपीएसला नाही. वायर उलटी लागली तर चिप गेली, इनपुटचा कॅपॅसिटर फुटेल ते वेगळंच. आणि आतला स्विच शॉर्ट झाला की १२ व्होल्ट थेट जीपीएसवर! त्यात इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल झालं तर अल्टरनेटर असा झटका देतो की चिपची ४० व्होल्टची मर्यादा कुठल्या कुठे राहते. तेव्हा फ्यूज लागणारच, बॅटरीजवळ २ अँपिअरचा, त्यापुढे सिरीजमध्ये शॉटकी डायोड (उलटी वायर अडवायला), मग इनपुटवर २४ व्होल्टचा टीव्हीएस (झटका गिळणारा डायोड), आणि आउटपुटला ५.६ व्होल्टचा ५ वॅटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेलं की वाहू लागणारा डायोड), म्हणजे चिप फुटलीच तर झेनर बळी जाऊन फ्यूज उडवेल. सगळं मिळून जीपीएसच्या किमतीपुढे काहीच नाही.

प्रश्न (इचलकरंजी): २४ चे १२ व्होल्ट करणारं ५ अँपिअरचं मॉड्यूल पॅनेलमध्ये आहे. छोटा पंप लावला की टिक टिक करत चालू-बंद होतं. व्होल्टेज कमी पडत असेल म्हणून ॲडजस्ट वाढवलं तर आणखीनच बिघडलं.

उत्तर: बिघडणारच ना! ती टिक टिक म्हणजे हिकप मोड, ओव्हरलोड दिसला की मॉड्यूल बंद होतं, थोडं थांबून परत प्रयत्न करतं. थांबलेली मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते आणि व्होल्टेज वाढवलं की तो झटकाही वाढतो, शिवाय मॉड्यूलचे वॅट तेवढेच, १२ ला ५ अँपिअर तर १३.२ ला साडेचारच धरायचे. अजून वर नेलंत तर ओव्हरव्होल्टेज ट्रिप लागेल, काही मॉड्यूल्समध्ये ती इनपुट बंद-चालू केल्याशिवाय सुटतच नाही. ॲडजस्ट असतं लांब वायरीतला ड्रॉप भरून काढायला. ते परत १२ वर आणा आणि मोटर पीडब्ल्यूएम कंट्रोलरने (वीज भरभर चालू-बंद करून वेग ठरवणारा) हळूहळू सुरू करा, नाहीतर मोठं मॉड्यूल घ्या. मोटर बंद होताना देते तो झटका जिरवायला तिला उलटा डायोडही लावा.

प्रश्न (पनवेल): एमटी३६०८ या बूस्ट (व्होल्टेज वाढवणाऱ्या) मॉड्यूलने १८६५० लिथियम सेलचे १२ व्होल्ट करून राउटर चालवतोय. आउटपुट शॉर्ट झालं तर चिप स्वतः बंद होईल ना?

उत्तर: चिप बंद होईल हो, पण करंट थांबणार नाही. बूस्टमध्ये सेलच्या प्लसपासून कॉइल आणि डायोडमधून आउटपुटपर्यंत सरळ वाट असते, मध्ये तोडणारं काहीच नाही, त्यामुळे शॉर्ट झालं की सेल सगळा जोर तिथेच काढतो, डायोड जळतो, कॉइल तापते. सेलच्या प्लसला लगेच, मॉड्यूलच्या आधी, २ अँपिअरचा फ्यूज लावा आणि सेल प्रोटेक्शन बोर्डवालाच वापरा.